पेटीची सवय असलेल्या हाताला पियानोचे वळण कसे लावावे?

संथलय (नाशिक)

सर्वांना नमस्कार. माझे वय ४७ आहे. शाळकरी वयात मी पेटी शिकलो आणि अजूनही भजनाला साथ करण्याइतपत माझा हात चालतो. काळी एक म्हणा किंवा पांढरी चार म्हणा (सप्तकातल्या सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या डावीकडून मोजून ही नावे देतात; पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्य ‘सी’), कुठलाही सा धरला तरी अडखळायला होत नाही. काही महिन्यांपूर्वी मी ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला. जवळपास प्रौढांना शिकवणारे कोणी न मिळाल्यामुळे सध्या व्हिडिओ पाहून शिकतो आहे. वाद्य जेवणाच्या टेबलावर ठेवलेले असते आणि रात्री घरातले झोपल्यावर हेडफोन लावून वाजवतो.

उजव्या हाताची करंगळी पट्टीवर आडवी पडते आणि अनामिका इतर बोटांइतकी उचलली जात नाही, त्यामुळे त्या दोन बोटांचे स्वर एक तर ऐकूच येत नाहीत किंवा एकदम आदळतात. दहा-पंधरा मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंतचा हात ताठरतो. पेटीवर दोन-दोन तास बसूनही असे कधी झाले नव्हते. डाव्या हाताने आजवर भाता सोडून काहीच केलेले नसल्यामुळे दोन्ही हात एकत्र आले की डावा हात उजव्याची नक्कल करू लागतो. व्हिडिओंमध्ये बोटे उंच उचलून रोज तेच ते व्यायाम वाजवा, म्हणजे बोटे सुटी होतील, असे पुष्कळ जण सांगतात. या वयात ते करावेत का, आणि नसतील करायचे तर सुरुवात नेमकी कुठून करावी, हे जाणकारांनी सांगितले तर फार उपकार होतील.

दुसरी ओळ (मडगाव)

नमस्कार. मी पियानो शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या प्रौढांपैकी काहींनी लहानपणी चर्चच्या शाळेत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेले असते, तर काही तुमच्यासारखे पेटीवर तयार झालेले असतात. पेटीवाल्यांचा कान पक्का असतो आणि स्वरांमधली अंतरे त्यांच्या बोटांना न पाहता सापडतात. हे भांडवल मोठे आहे. अडचण येते ती बहुधा एकाच जागी, आणि तुमच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ मला तिथेच दिसते.

पेटीत पट्टी दाबली की तिच्याखालची झडप उघडते, हवा पितळी सुरातून, म्हणजे थरथरणाऱ्या पातळ जिभेतून, जाते आणि झडप उघडी असेपर्यंत स्वर चालू राहतो. आवाज लहान-मोठा करणे भात्याच्या हाती असते. पट्टी हलकेच दाबली काय किंवा जोराने दाबली काय, स्वरात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे पेटीवादकाचे बोट पट्टीपर्यंत पोहोचते आणि तिथे दाब धरून थांबते. पियानोत पट्टी हातोडीला तारेकडे भिरकावते. पट्टी एकूण साधारण १० मिलिमीटर खाली जाते आणि ती तळाला टेकण्याच्या किंचित आधीच हातोडी यंत्रणेतून सुटून मोकळी झालेली असते. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने जो पहिला पियानो घडवला, त्यातली मोठी करामत ही सुटकाच होती. तिच्यामुळे हातोडी तारेला चिकटून न राहता मागे येते आणि तार मोकळेपणी वाजते. हातोडी एकदा सुटली की त्यानंतर पट्टीवर कितीही जोर लावला तरी त्या स्वरावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. स्वराचा लहान-मोठेपणा पट्टी किती वेगाने खाली गेली यावरच ठरतो. तुमच्या डिजिटल वाद्यातही पट्टीखालचे संवेदक तिच्या प्रवासाला लागलेला वेळ मोजतात, तळाशी दिलेला दाब मोजत नाहीत.

म्हणजे स्वर वाजल्यानंतर तुम्ही जो दाब धरून ठेवता, तो पूर्णपणे वाया जातो आणि हात ताठरण्याचे पहिले कारण तोच असतो. मध्य सप्तकातली पट्टी खाली जायला सुमारे ५० ग्रॅम वजन पुरते आणि वाजलेली पट्टी खाली धरून ठेवायला तर त्याहूनही कमी लागते. एक गोष्ट करून पाहा. मध्यमेने एक पट्टी वाजवा, ती वर येणार नाही इतकेच बोट तिच्यावर राहू द्या आणि डाव्या हाताने उजव्या मनगटाला खालून अलगद वर-खाली हलवा. मनगट सहज हलले तर दाब सुटला आहे; अडले तर पेटीचा हात अजून कामावर आहे. असे एकेका बोटाने करा. पहिले काही दिवस एवढेच केले तरी चालेल, किंबहुना एवढेच करावे, असे माझे ठाम मत आहे. ‘वाजवा आणि लगेच सोडा’ हे वळण बोटांना लागल्याशिवाय पुढचे काहीही शिकवायला मी तयार नसते.

आता बैठक. जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते, त्यावर वाद्याची जाडी धरली तर तुमच्या पट्ट्या ८५ सेंटिमीटरच्या आसपास गेल्या असतील. खऱ्या पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२ सेंटिमीटरवर असतात. हा फरक तुमचे खांदे आणि मनगट भरून काढत आहेत. खुर्चीवर उशा रचून हा प्रश्न सुटत नाही, कारण मग पाय लोंबकळतात आणि धडाला आधार उरत नाही. उंची कमी-जास्त करता येणारा लोखंडी स्टँड घ्या. बसल्यावर दंड सैल सोडून हात पट्ट्यांवर ठेवला असता कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर आले पाहिजे, पायांचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, आणि बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसावे. मांडी घालून पेटीवर बसणाऱ्याला खुर्चीत पाठ टेकवून बसण्याचा मोह होतो, तो टाळावा.

करंगळी आडवी पडते, कारण हाताचा सगळा तोल अंगठ्याकडे राहतो. करंगळीने वाजवताना कोपर आणि मनगट बोटभर उजवीकडे सरकवा, म्हणजे दंडाचे वजन करंगळीच्या मागे येईल आणि ती आपोआप उभी राहील. त्या दुबळ्या बोटाकडून एकट्याने ताकद मागायची नाही. अंगठा याच्या नेमका उलट. तो नखाच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, हलका आणि बऱ्यापैकी लांब असा पडला पाहिजे. इतर बोटांची पेरे आत मोडू देऊ नयेत आणि तळहाताकडची गाठ, जिथून बोट फुटते ती, पंजाचा सर्वांत उंच भाग राहावी.

बोटे उंच उचलण्याच्या व्यायामांविषयी मी हात आखडता घेते. ते करून चांगले वाजवणारे आहेत, हे मान्य आहे. पण ते बहुतेक सातव्या-आठव्या वर्षी, शिक्षकाच्या नजरेखाली सुरू केलेले असतात.

मनगट आणि मणका (पुणे)

मी भौतिकोपचार करते, आणि हातांच्या तक्रारी घेऊन वादक माझ्याकडे येतात. वरील प्रतिसादातल्या शेवटच्या मुद्द्याला शरीररचनेचा आधार आहे, तो येथे देते.

बोटे हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराच्या खालच्या भागात असतात आणि त्यांच्या लांब दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. म्हणूनच संथलय यांना बोटांच्या कामाचा ताण कोपरापासून जाणवतो. बोटे वर उचलणाऱ्या दोऱ्यांपैकी मध्यमा, अनामिका आणि करंगळी यांच्या दोऱ्या हाताच्या पाठीवर आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. तळवा टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट मुडपून आत घ्या आणि आता अनामिका उचलायचा प्रयत्न करा. ती जवळजवळ हलणारच नाही. हा कमकुवतपणा नाही, बांधणीच तशी आहे, आणि ती व्यायामाने बदलत नाही. अनामिका इतरांइतकी वर गेली पाहिजे असा आग्रह धरून रोज शे-दोनशे वेळा तिला ताणणे म्हणजे हातातल्या दोऱ्यांशी भांडण उकरून काढणे आहे. चांगला वादक तिला उचलतच नाही. ती पट्टीवर आधीपासून टेकलेली असते आणि तिथूनच खाली जाते. सगळ्याच बोटांना हा नियम लावला तर अर्धे श्रम वाचतात.

संगीतकार रॉबर्ट शूमान याने १८३२ च्या सुमारास उजव्या हाताच्या तक्रारीमुळे पियानोवादक होण्याची आशा सोडली. बोटासाठी त्याने एक यांत्रिक साधन वापरले होते; त्याच्या दुखण्याचे खरे कारण कोणते याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही, पण बळाने बोट सुटे करण्याचा मोह किती जुना आहे हे त्यातून कळते. बाजारात मिळणाऱ्या स्प्रिंगच्या मुठीही पियानोसाठी वापरू नका. त्या घट्ट धरायची ताकद वाढवतात, आणि आपल्याला नेमके त्याच्या उलट हवे आहे.

थकवा आणि वेदना यांतला फरक प्रौढांनी नीट लक्षात घ्यावा. थोडी विश्रांती घेतल्यावर जो जडपणा निघून जातो तो थकवा. टोचणारी किंवा जळजळणारी कळ, दुसऱ्या दिवशी सकाळीही राहणारे दुखणे, अंगठा, तर्जनी आणि मध्यमेत येणाऱ्या मुंग्या, विशेषतः रात्री झोपेत येणाऱ्या, ही लक्षणे दिसली तर वाजवणे थांबवून डॉक्टरांना हात दाखवावा. ‘सवय झाली की जाईल’ असे म्हणून त्यावर वाजवत राहू नये. मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांना अशा तक्रारी अधिक होतात, तेव्हा चाळिशीनंतर शिकणाऱ्यांनी याबाबत थोडे अधिक जागरूक राहिलेले बरे. वाजवण्याची वेळ सलग एक तास ठेवण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटांच्या दोन-तीन बैठका कराव्यात.

पांढरी पाच (डोंबिवली)

मी पन्नाशीनंतर सुरुवात केलेली विद्यार्थिनी आहे, त्यामुळे शिक्षिकेच्या अधिकाराने नाही, पण त्याच वाटेने नुकतीच गेलेली म्हणून लिहिते. दुसरी ओळ यांनी सांगितलेले वजनाचे गणित मला सुरुवातीला समजत नव्हते. दंडाचे वजन सोडा म्हटले की मी खांदेच पाडत असे. मला त्याहून उपयोगी पडली ती एक साधी अट, की प्रत्येक स्वर ऐकू येईल इतका, पण जमेल तितका हलका वाजवायचा. हलके वाजवताना हाताला घट्ट राहताच येत नाही, कारण घट्ट हाताचा स्वर एक तर उमटत नाही किंवा नको तितका मोठा येतो. त्यामुळे कानच हाताला सैल करतो. संथलय यांनी हेडफोनचा आवाज एकदा तपासून पाहावा. रात्री आवाज बारीक ठेवून वाजवणारे लोक नकळत पट्ट्या ठोकू लागतात. आवाज पुरेसा वाढवा आणि हात हलका करा.

दोन हातांच्या मेळाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण प्रौढांचा धीर याच टप्प्यावर सुटतो. आपल्याकडे पेटी शिकलेल्यांना एक सोय आहे. डाव्या हाताने खालच्या सप्तकातला सा आणि प एकत्र वाजवून धरून ठेवावा, आणि उजव्या हाताने नेहमीचे अलंकार घ्यावेत. पियानोचा स्वर पेटीसारखा टिकत नाही, विरत जातो, म्हणून तो विरला की डाव्या हाताने सा-प पुन्हा वाजवायचा. हे तंबोऱ्यासारखेच काम असल्यामुळे मन बिचकत नाही, आणि तरीही डावा हात स्वतःच्या वेळेने चालायला शिकतो. ते जमले की चार मात्रांच्या पहिल्या मात्रेवर सा आणि तिसऱ्या मात्रेवर प असे वेगवेगळे घ्यावेत.

त्यानंतर उलट दिशांचा सराव. दोन्ही अंगठे मधल्या पांढरी एकवर ठेवून उजवा हात वर आणि डावा हात खाली न्यावा. दोन्ही हातांत त्या वेळी तीच बोटे एकाच क्षणी चालतात, म्हणून हे एकाच दिशेने जाण्यापेक्षा पुष्कळ सोपे पडते. कानाला ते विचित्र वाटते, पण हाताला ते पटते. एकाच दिशेने दोन्ही हात नेण्याची घाई मुळीच करू नये.

एखादा तुकडा बसवताना मात्र एक पथ्य पाळावे. दोन ओळींचा तुकडा पूर्ण वाजवून चुकल्यावर पहिल्यापासून सुरू करायचे, ही सवय पेटीवरून सोबत येते, कारण तिथे आपण मुखड्याकडे परत जातच असतो. पियानोवर त्याचा परिणाम असा होतो की पहिली ओळ तुळतुळीत होते आणि अडणारी मात्रा तशीच राहते. जिथे अडते त्या दोन मात्रा काढून घ्याव्यात, आधी डावा हात, मग उजवा, मग दोन्ही, आणि मग त्यांच्या आधीची एक मात्रा जोडावी. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवूनही अडत असेल तर ४० वर आणावा. ठाय लयीत वाजवण्याचा आपल्याला कमीपणा वाटायचे कारणच नाही.

संथलय (नाशिक)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभारी आहे. स्टँड आणला, आणि मनगट हलवून पाहण्याची परीक्षा रोज घेतो आहे. तर्जनी आणि मध्यमा सुटतात, अंगठा अजून धरून ठेवतो. त्याच संदर्भात एक विचारतो. पांढरी एकचा सा धरून आरोह करताना ग नंतर अंगठा खालून म वर न्यावा लागतो, तेव्हा दरवेळी कोपर उडते आणि म आदळतो. हा अंगठा कसा न्यावा? सुरुवात याच पट्टीत, म्हणजे हाच सा धरून, करणे बरोबर आहे ना? आणि पेडल केव्हापासून वापरावे?

दुसरी ओळ (मडगाव)

बहुतेक पुस्तके पांढरी एकपासूनच सुरू होतात, कारण त्या पट्टीत वाचायला एकही काळी पट्टी येत नाही. वाचनाला ती सोपी आहे, पण हाताला ती सर्वांत अवघड आहे, आणि हे माझे मत नाही, एकोणिसाव्या शतकातला संगीतकार आणि पियानोवादक फ्रेडरिक शोपँ याचे आहे. पॅरिसमध्ये तो शिकवत असे तेव्हा नवीन विद्यार्थ्याचा हात तो पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच आणि पांढरी सात या पाच पट्ट्यांवर ठेवायला लावी. हात तिथे ठेवून पाहा. मधली तीन लांब बोटे उंच काळ्या पट्ट्यांवर येतात, आखूड अंगठा आणि करंगळी खालच्या पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, आणि पंजा कोणी न सांगता योग्य आकार घेतो. पांढरी एकवर मात्र सगळ्या पट्ट्या एका पातळीला असल्यामुळे लांब बोटांना दुमडावे लागते आणि अंगठ्याला जाण्यासाठी पंजाखाली जागाच उरत नाही.

तुम्ही पेटीवाले आहात, सा कुठेही धरता, तर पांढरी सातचा सा धरून बिलावलचेच, म्हणजे सगळे शुद्ध, स्वर घ्या. उजव्या हाताची बोटे अशी: सा वर अंगठा, काळी एकच्या रे वर तर्जनी, काळी दोनच्या ग वर मध्यमा, पांढरी तीनच्या म वर पुन्हा अंगठा, मग काळी तीन, चार आणि पाचवर तर्जनी, मध्यमा, अनामिका, आणि वरच्या सा वर करंगळी. मध्यमा काळ्या पट्टीवर उंच असल्यामुळे तिच्याखाली अंगठ्याला प्रशस्त वाट मिळते. त्यातही अंगठा आयत्या वेळी ओढू नका. तर्जनी वाजली की त्याने आत सरकायला सुरुवात करावी, म्हणजे मध्यमा वाजेपर्यंत तो म च्या वर येऊन थांबलेला असतो. मनगट त्याच वेळी वरच्या स्वरांच्या दिशेने किंचित सरकत राहावे. कोपर उडते, कारण अंगठ्याचा उशीर ते भरून काढते.

डाव्या हाताने आरोहात अनामिकेपासून सुरुवात करा: अनामिका, मध्यमा, तर्जनी, अंगठा, आणि पुन्हा त्याच क्रमाने चार बोटे. मग तुमच्या लक्षात येईल की मधल्या म वर दोन्ही हातांचे अंगठे एकाच वेळी येतात. पांढरी एकच्या पट्टीत तसे होत नाही; तिथे उजव्याचा अंगठा म वर तर डाव्याचा प वर पडतो, आणि दोन हात एकत्र आले की गडबड होते ती नेमकी तिथेच. म्हणून पांढरी पाच यांनी उलट दिशांचा जो सराव सांगितला तो पांढरी एकवर जरूर करा, पण एकाच दिशेचा सराव पांढरी सातवर करा. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश मंडळांच्या संगीत परीक्षांना बसायचा विचार असेल, तर त्यांना वयाची वरची मर्यादा नाही; सुरुवातीच्या पायऱ्यांवर वाचायला सोपे असलेले आरोह-अवरोह विचारतात, तेव्हा पांढरी एक शेवटी परत करावी लागेलच. तोवर अंगठा शहाणा झालेला असेल.

पेडल आत्ता नको. स्वर जोडण्याचे काम आधी बोटांनी शिकायचे असते, म्हणजे पुढचा स्वर वाजेपर्यंत आधीचे बोट उचलायचे नाही, आणि पुढचा वाजताक्षणी ते सोडायचे. पेडल दाबले की न जोडलेले स्वरही जोडल्यासारखे ऐकू येतात आणि बोटांचा आळस झाकला जातो. दोन-तीन सोपे तुकडे दोन्ही हातांनी, पेडलशिवाय, सलग ऐकू येऊ लागले की ते घ्या. त्या वेळी टाच जमिनीवर टेकलेली ठेवायची, नवा स्वर वाजवताना पाय वर घ्यायचा आणि स्वर वाजून गेल्यावर दाबायचा. हात खाली जाताना पाय वर येतो, हे पहिल्या आठवड्यात उलटे वाटते. वाद्यासोबत आलेले पेडल चपटे आणि हलके असेल आणि फरशीवर घसरत असेल, तर खऱ्या पियानोसारखे जड पेडल वेगळे मिळते, ते घ्यावे.

अंगठ्याची अडचण पंधरा दिवसांनीही राहिली तर व्हिडिओ काढून येथे द्या. मोबाइल वरून धरू नका, उजव्या बाजूला पट्ट्यांच्या पातळीवर ठेवा आणि चौकटीत कोपर, मनगट आणि बोटे तिन्ही येऊ द्या. वरून काढलेल्या चित्रात मनगट बुडते आहे की नाही तेच दिसत नाही.